सोमवारपर्यंत

शुक्रवारी नवा चित्रपट लागतो. त्याच्या नशिबाचं भाकीत गुरुवारी रात्रीच तयार असतं. आगाऊ बुकिंग किती झालं, पडदे किती मिळाले, जोडून सुट्टी आहे का, समोर दुसरा मोठा चित्रपट आहे का, यावरून रविवारपर्यंतचा गल्ला मांडतात. तो अंदाज पुष्कळदा बरोबरही येतो. पण त्यात धरलेली माणसं आधीच ठरवून बसलेली असतात. कुणी नटासाठी, कुणी गाण्यासाठी. चित्रपट अजून कुणी पाहिलेला नसतो.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. तोही शुक्रवारच. पहिल्या खेळांना टाळ्या नव्हत्या, शिट्ट्या नव्हत्या. थिएटरं गप्प होती. चित्रपट पडला, असं धंद्यातल्या जाणत्यांनी ठरवून टाकलं. शेवट बदलावा, शेवटी मरणाऱ्या जय या नायकाला जिवंत ठेवावं, इथपर्यंत बोलणं गेलं. मग सोमवारपर्यंत वाट पाहायचं ठरलं.

त्या दिवसांतली एक हकिकत सांगतात. वरळीच्या गीता टॉकीजचे मालक दिग्दर्शक रमेश सिप्पींना म्हणाले, काळजी करू नका. का? तर त्यांच्याकडे आइस्क्रीम आणि थंड पेयांचा खप उतरला होता. मध्यंतरात लोक खुर्चीवरून उठतच नव्हते.

मला ही हकिकत फार मोलाची वाटते. कंटाळलेला माणूस गप्प बसतो आणि भारावलेलाही गप्पच बसतो. दुरून दोन्ही शांतता सारख्याच ऐकू येतात. फरक कळायला त्या माणसांच्या जवळ असावं लागतं. गल्ल्याचा हिशेब करणाऱ्यांना जे उमगलं नाही, ते न विकलेल्या बाटल्यांनी सांगितलं. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षं चालला.

आपल्याकडे मराठीत ‘बाईपण भारी देवा’चंही असंच झालं. ३० जून २०२३ ला तो लागला. सहा बहिणींची गोष्ट, पडद्यावर मोठा नायक नाही. पण त्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. एरवी दुसऱ्या आठवड्यात आकडा उतरणारच, असं सगळे धरून चालतात. इथे बायका घोळक्यानं येत राहिल्या. कुठे नऊवारी नेसून, कुठे आई, सासू आणि नणंद मिळून.

या बायका गुरुवारच्या अंदाजात कशा धरणार? गुरुवारी त्यांचं जायचं ठरलेलंच नव्हतं. कुणी तरी रविवारी पाहून आली. सोमवारी डबे भरता भरता तिनं बहिणीला फोन केला, आवर्जून सांगितलं, ‘बघून ये गं, आईलाही घेऊन जा.’ आपल्याला हे दुसऱ्या कुणाला एवढं सांगावंसं वाटेल, हे चित्रपट पाहण्याआधी तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.