तिसऱ्या भोकात काय आहे?

ये. बसू नकोस, उभाच राहा.

काल तुझ्या नागावच्या घरी जाऊन आलो. फ्रिजवर चिठ्ठी डकवली आहेस: 'पाहुण्यांनी फ्रिज चपला घालून उघडावा.' वा रे वा! दोन वर्षं माझ्या हाताखाली वायरमनचं काम शिकलास आणि अर्थिंगच्या जागी स्लीपर?

बोर्ड मी स्वतः उघडून बघितले. आजोबांच्या वेळच्या लाकडी पट्टीवरून दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. पूर्वी तिथं काळे टू-पिन सॉकेट होते, ते बिचारे निदान खोटं तरी बोलत नव्हते. तू होम-स्टे काढलास, पांढरे चकचकीत थ्री-पिन बसवलेस, आणि वरच्या मोठ्या भोकामागे तारच नाही!

मागच्या पडवीत तर त्याहून कहर. न्यूट्रलचाच तुकडा वाकवून अर्थच्या टर्मिनलला जोडलायस. टेस्ट-लॅम्प लावला की पेटतो, पाहुणे खूश. पण खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरवर झावळी पडून न्यूट्रल तुटला, तर काय होईल? खाली बघू नकोस, सांग. घरात एखादा दिवा चालू असला, की त्याच्यातून फेज न्यूट्रलवर उतरते आणि तुझ्या त्या तुकड्यावरून वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येते. 230 व्होल्ट. त्या सॉकेटचं बटण बंद असलं तरी. आणि ओल्या फरशीवर मशीनपुढं अनवाणी कोण उभं असतं? तुझी आई.

झावळी कशाला पडेल म्हणतोस? 3 जून 2020 विसरलास? निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून इथवर खांब आडवे झाले होते, माड-पोफळी तारांवर पडल्या होत्या.

'एमसीबी आहे ना, सर.' हे उत्तर पेपरात लिहिलं असतंस, तर पेपर फाडला असता! 16 अँपियरची एमसीबी तार जळू नये म्हणून असते. भिजलेल्या माणसाचा रोध हजार ओहम धर. 230 भागिले हजार, किती? पाव अँपियरसुद्धा नाही. एमसीबीला पत्ता लागणार नाही, आणि माणूस मरायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. माणसासाठी आरसीसीबी, 30 मिलिअँपियरची. गेलेला आणि परत आलेला करंट ती ताडून बघते, फरक दिसला की क्षणात तोडते. तिसरी तार नसली तरी तोडते, पण तोवर कुणीतरी झटका खाल्लेला असतो. आणि तो न्यूट्रलचा तुकडा तसाच ठेवलास, तर गळती त्याच वाटेनं परत येणार. मग आरसीसीबीही आंधळी.

मीटरपाशी अर्थिंगचा खड्डा आहे म्हणालास, तोही बघितला. खाऱ्या हवेनं क्लँप इतका गंजलाय की हातातच आला. खाली पुळणीची वाळू, मे महिन्यात कोरडी ठणठणीत. रोध 20 ओहम जरी आला, तरी साडेअकरा अँपियरच वाहणार, म्हणजे 16 ची एमसीबी ढिम्म. मोजलाय कधी? अर्थ टेस्टर हातात धरलास तो माझ्याच वर्गात.

शाळेत असताना सायकलवरून अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून जायचास ना? मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या करंटनं कुलाब्याच्या वेधशाळेतल्या सुया हलतील, म्हणून नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये ती खाडीपलीकडे इथं उभी केली. सुयांसाठी! तुला आईसाठी एक हिरवी तार ओढवत नाही.

आजच्या आज मेन बंद करून तो तुकडा काढ. गीझर आणि मशीनचे प्लग काढून ठेव. आरसीसीबी उद्या बसली पाहिजे, आणि तिचं 'टी' बटण दर महिन्याला दाबायचं. खड्डा नवा, अडीच मीटर खोल, ओल धरेल अशा जागी. विहिरीच्या डोणीजवळची माती बघ. तिथून प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी तांब्याची तार. पट्टी जुनी, सुंदर आहे, कबूल. तार वेगळ्या केसिंगमधून ने. मोजमाप लायसनवाल्या कंत्राटदाराकडून, लेखी. तुझ्या तोंडी हिशेबावर माझा भरवसा नाही.

काय म्हणालास? शनिवारचं बुकिंग आहे? लाव त्यांना फोन. इथूनच, माझ्यासमोर.