वाटेंत मोडलेलें चाक

दूरच्या प्रवासास निघालेल्या सायकलस्वाराला घरचीं माणसें एकच प्रश्न विचारतात: वाटेंत सायकल मोडली तर काय करणार? प्रश्न व्यवहाराचा दिसतो. पण त्याच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न आहे. आपल्या अडचणीचा भार मनुष्यानें किती स्वतः वाहावा, आणि किती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकावा?

आमच्या उपनगरांत हा प्रश्न पोकळ नाहीं. अंधेरी-बोरिवलीकडचे सायकलस्वार घोडबंदरच्या वाटेनें, तर घाटकोपर-मुलुंडकडचे जुन्या आग्रा रस्त्यानें रविवारीं पहांटेच बाहेर पडतात. त्यांतले कित्येक ‘ब्रेव्हे’ नांवाच्या दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्यांत भाग घेतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे आणि नेमलेल्या थांब्यांखेरीज साहाय्यक मोटारीची मदत घ्यावयाची नाहीं, असा तेथला दंडक. त्यामुळें स्वावलंबन हाच परमधर्म, असें मनांत ठसूं लागतें.

१९१३ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत पिरिनीज पर्वतावर यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत नियमाला अमान्य होती. मोडकी सायकल घेऊन तो कित्येक किलोमीटर चालला आणि खालच्या गांवांतील लोहाराच्या भट्टीवर, पंचांच्या देखत, त्यानें चिमटा स्वतःच्या हातांनीं जोडला. तरी त्याला दंड झाला. कां, तर एका लहान मुलानें भाता चालविला होता! लोक या पंचांना हंसतात. आम्हांला त्या गोष्टींत निराळेंच दिसतें. भट्टी दुसऱ्याची, आगही दुसऱ्याची. हें सारें पंचांनीं चालवून घेतलें आणि भात्याशीं मात्र ते अडले. निव्वळ स्वावलंबनाची रेघ कोठें ओढावी हें त्यांना नीट साधलें नाहीं. कारण अशी रेघ मुळांत नाहींच.

म्हणून स्वतः कांहींच शिकूं नये, असें मात्र नव्हे. ऑक्टोबर १९२३ मध्यें मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे मार्च १९२८ मध्यें ती पुरी करून परतले. इराण व मेसोपोटेमियाच्या वाळवंटांत पंक्चरचें दुकान कोठून असणार? तेथें दुरुस्ती आपली आपल्यालाच यावयास हवी. पण पाणी मागावयास व वाट विचारावयास माणूसच लागतो.

आमचीच हकीकत सांगतों. मुलुंडहून कसाऱ्याकडे जातांना शहापूरच्या पुढें मागचें चाक बसलें. शेजारच्या शेतांतील एक वृद्ध गृहस्थ जवळ आले व म्हणाले, “पाणी आणूं का? भोक लवकर सांपडेल.” आम्हीं ऐटीनें नको म्हटलें. कानाशीं ट्यूब धरून भोक शोधलें, ठिगळ लावलें आणि टायरच्या आंतून बोट न फिरवितांच हवा भरली. मैलभर गेलों नाहीं तोंच चाक पुन्हां बसलें. बाभळीचा कांटा टायरमध्यें होता तो तसाच होता. सोल्यूशनची नळी उघडली तर ती वाळून गेलेली! सायकल ढकलीत एका पंक्चरवाल्याकडे गेलों. त्यानें आधीं टायरमध्यें अंगठा फिरविला, कांटा काढून आमच्या तळहातावर ठेवला, आणि मगच ट्यूब पाण्याच्या घमेल्यांत बुडविली. त्याचे पैसे आम्हीं देऊं शकलों. त्या वृद्धाचें देणें मात्र राहून गेलें. कारण आम्हीं तें घेतलेंच नव्हतें.

त्या दिवशीं आमच्याकडून दोन चुका झाल्या, आणि त्या परस्परविरुद्ध दिसल्या तरी एकाच जातीच्या आहेत. नळी न तपासतां निघालों, म्हणजे आमच्या आळसाचा भार आम्हीं अनोळखी माणसांवर आधींच टाकला होता. आणि आपण होऊन आलेल्या माणसाला परत पाठविलें, म्हणजे त्याचा स्नेह आम्हीं ओझें समजलों. तयारी हें प्रवाशाचें कर्तव्य आहे; मात्र तयारी पुरी पडली नाहीं तर हात पुढें करण्यांत हीनपणा नाहीं.

तेव्हांपासून निघण्यापूर्वी आम्ही नळी दाबून पाहतों, आणि पिशवींत गरजेपेक्षां दोन ठिगळें अधिक ठेवतों. तीं आमच्यासाठीं नसतात.