राखीव जागा नको म्हणणाऱ्या बाई

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापू कुटीतला टेलिफोन बघतो, साप धरायचा चिमटा बघतो, फोटो काढतो आणि गाडीत बसतो. याच आश्रमात गांधीजींच्या सचिव म्हणून वर्षानुवर्षं राबलेल्या राजकुमारी अमृत कौर यांची चौकशी सहसा कुणी करत नाही. घराणं कपूरथळ्याचं, शिक्षण विलायतेतलं, टेनिसमध्ये नावाजलेल्या. ही बाई वर्ध्याच्या वैशाखात, मातीच्या कुटीत, चटईवर बसून पत्रव्यवहार सांभाळायची!

1927 साली अखिल भारतीय महिला परिषद उभी करणाऱ्यांत त्या होत्या. पुढे संविधान सभेत त्या आल्या त्याही मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे वर्धा ज्या प्रांतात होतं तिथूनच. सभेत धर्माच्या ‘आचरणा’चं स्वातंत्र्य मूलभूत हक्कांत घालायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हरकत घेतली. पडदा, बहुपत्नीत्व, देवदासी हेही आचरणच की! आचरण राहिलं, पण समाजसुधारणेचे कायदे करायची मोकळीक पंचविसाव्या कलमात आली. चळवळीत मुरलेल्या माणसाला कायद्यातली फट लगेच दिसते, ती अशी. 1947 च्या पहिल्या मंत्रिमंडळात त्या आरोग्यमंत्री झाल्या. मंत्र्यांत बाई एकट्याच.

बायकांना राखीव जागा मात्र त्यांना नको होत्या. सर्वांना मताधिकार द्या, पुढचं आम्ही बघू, असा महिला परिषदेचा 1930 च्या दशकातला पवित्रा होता आणि त्याची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. हा स्वाभिमान मला कळतो, पटत नाही. राजघराण्याचं नाव आणि विलायती शिक्षण पाठीशी असलं की उंबरठा आपोआप ओलांडला जातो. वर्ध्यातल्याच जानकीदेवी बजाज यांना आधी स्वतःचा पडदा टाकावा लागला, मग खादी, मग तुरुंग. आणि त्या तर धनिकाघरच्या. आर्वी-कारंज्याच्या शेतकरणीला कोण विचारणार होतं? तिला सरपंचाच्या खुर्चीपर्यंत नेलं ते 1993 पासून लागू झालेल्या राखीव जागांनी. सुरुवातीला सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, हे खरंच. पण खुर्चीच नसती तर हा वादही झाला नसता.

लोकसभेत बायकांसाठी एक तृतीयांश राखीव जागांची घटनादुरुस्ती 2023 साली मंजूर झाली. 1952 पासून 2024 पर्यंतच्या सार्वत्रिक निवडणुकांत वर्धा मतदारसंघाने लोकसभेत बाई पाठवली ती एकदाच: 1999 साली, प्रभा राव.