पोक्तपणा येणार कुठून?

नावाजलेला फुटबॉल खेळाडू मैदानावर थयथयाट करतो, तेव्हा आपण म्हणतो, पैसा आला, पोक्तपणा नाही आला. पण तो येणार कुठून? कतारच्या ॲस्पायर अकादमीने 2007 पासून काही वर्षे आफ्रिकेतली 13 वर्षांची लाखो मुले पारखली. मूठभर निवडून दोहा व सेनेगलच्या वसतिगृहांत ठेवली. आहार, डॉक्टर, शिक्षक, सारे होते. पण त्या वयात हरल्यावर रडायला आईची कूस लागते. (ती आम्हां नर्सनाही देता येत नाही.) 2022 साली दोहात बेल्जियमला हरवून मोरोक्कोचा अश्रफ हकिमी प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे गेला. तिने माद्रिदकडे लोकांची घरे साफ करून त्याला वाढवले. तोही लहानपणीच रेआल माद्रिदच्या अकादमीत गेला, पण घर जवळच होते. दूरच्या मुलांच्या आयांचा येण्याजाण्याचा खर्च अकादमीनेच द्यावा, असे मला वाटते. स्टेडियमच्या खर्चापुढे तो कितीसा?