भाकरी नाकारावी काय?

पाबळहून बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, लोणी नावाचे गाव आहे. नाव लोण्याचे, पण भूमी कोरडी. पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, डिंभे धरण भरते, घोड नदीच्या काठाने ऊस डोलतो आणि पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याची धुराडी पेटतात. लोणी-धामणीचा परिसर मात्र आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. येथले पूर्वापारचे अन्न म्हणजे बाजरीची भाकरी आणि तिच्या जोडीला हुलगा-मटकीचे कालवण.

गेल्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात या गावी आमच्या परिचयाच्या एका घरी आम्ही जेवावयास थांबलो होतो. घरची माउली सत्तरीची. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणारा मुलगा त्या दिवशी सुटीवर आला होता. माउलीने तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात वाढली, तोच त्याने हात आडवा धरला.

"आई, भाकरी नको. मी भाकरी सोडलीय."

"सोडली? आरं, भाकरी काय इडी हाय का, सोडायला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. रक्तात साखर निघाली. बारा किलो वजन उतरवायचंय. भात, भाकरी, बटाटा, सगळं कमी करायचं."

माउली आमच्याकडे वळली. "फादर, बहात्तरच्या दुष्काळात या भाकरीसाठी आम्ही खडी फोडली. मिलोची लाल भाकरी नरड्याखाली उतरत नव्हती, तरी डोळं मिटून गिळली. आता घरात बाजरीची पोती हायेत, अन् ह्यो ताटातली भाकरी मागं सारतो. अन्नाला न्हाई म्हननं पाप न्हाई का?"

त्या वेळी आम्ही काहीतरी समजुतीचे बोललो. परंतु परतीच्या वाटेवर आमचे उत्तर आम्हांलाच अपुरे वाटू लागले. प्रश्न एका घरचा नाही. आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत एक जण भाकरी सोडतो आणि दुसरा दुखावतो. तेव्हा त्या माउलीच्या प्रश्नाचा नीट विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. धान्य, बटाटा, साखर यांत कर्बोदके असतात. पचनानंतर त्यांची शर्करा होते, ती रक्तात उतरते आणि तिला पेशींत पोहोचविण्यासाठी शरीर इन्सुलिन स्रवते. गरजेहून अधिक आलेली शर्करा मेदाच्या रूपाने साठविली जाते. म्हणून कर्बोदके कमी करावीत म्हणजे वजन उतरते, हा विचार नवा नाही. १८६३ साली लंडनमधील विल्यम बॅंटिंग या गृहस्थांनी पाव, साखर, बटाटे व बिअर सोडून आपला देह कसा हलका झाला, याची पुस्तिका छापली होती.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी व्याख्यानांतून मांडलेल्या विचाराचा त्यांनी प्रसार केला. दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावे, मधल्या वेळी काही खाऊ नये, गोड टाळावे, कर्बोदके कमी व प्रथिने अधिक घ्यावीत, असा तो नेम. २०१८ साली राज्य शासनाने त्यांना स्थूलत्वविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत नेमले. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर घरचा भात, भाकरी आणि तूप यांची भीती बाळगू नका असे सांगत होत्या, आणि मराठी घरांत या दोन मतांवरून जेवता जेवता वाद झडत होते.

या वादात आम्ही निवाडा देणार नाही. तो आमचा अधिकार नव्हे. एवढे मात्र खरे की प्रश्न गंभीर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष माणसे मधुमेहाने ग्रस्त आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२५ सालच्या निष्कर्षानुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. उलट बाजूही ध्यानी घ्यावी. २०१८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर केलेल्या वर्षभराच्या प्रयोगात कमी कर्बोदके खाणारे व कमी स्निग्ध पदार्थ खाणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे भाकरी सोडणे हा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे. शिवाय मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता भाकरी एकाएकी बंद केली, तर रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते.

आता नीतीचा प्रश्न. वजन वाढणे हे पाप आहे काय? आपल्या बोलण्यात तसा सूर नेहमी असतो. लठ्ठ माणूस दिसला की तो खादाड व आळशी असणार असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. या समजाला पुणे जिल्ह्यातील खेड्यांनीच उत्तर दिले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या आहाराचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडमधील बाळे ३.५ किलोंची. आपली बाळे हाडकुळी, स्नायूंनी दुबळी. पण त्वचेखालील मेद मात्र त्यांनी राखून ठेवलेला. पोटात असताना कमी मिळाले म्हणून देहाने साठविण्याची सवय लावून घेतली आणि पुढे भरल्या घरात तीच सवय वैरीण झाली, असा याचा अर्थ लावला जातो. डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली प्रसिद्ध झाले. उंची व वजनाच्या प्रमाणाचा दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, पण इंग्रज डॉक्टरांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के.

लोणीच्या त्या मुलाच्या रक्तातील साखरेत कदाचित त्याच्या आईच्या उपाशी दिवसांचाही अंश असेल. मग त्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा? वजनकाटा शरीराचे माप सांगतो. आत्म्याचे माप त्यावर होत नाही. संत थोमस अक्वायनस देहाने चांगलेच स्थूल होते अशी परंपरा आहे, आणि ख्रिस्तसभेने त्यांना संतपदी बसविताना कंबर मोजली नाही.

पण मग खादाडपणा सात मुख्य दुर्गुणांत का मोडतो? याचे उत्तर त्याच संत थोमसांनी दिले आहे. पोप संत ग्रेगरींच्या विवेचनाचा आधार घेऊन ते खादाडपणाचे पाच प्रकार सांगतात: वेळेआधी खाणे, अति उंची खाणे, अति प्रमाणात खाणे, अधाशीपणे खाणे आणि अन्नाचे फार चोचले करणे. यांतला 'अति खाणे' हा एकच प्रकार आपण ओळखतो. शेवटचा आपल्या नजरेतून निसटतो. घरात दहा माणसे जेवत असताना 'मला हे चालत नाही, मला ते वेगळे करा' असे म्हणून स्वयंपाकघर वेठीस धरणारा माणूस एक घासही जास्त खात नसेल, तरी त्याचे चित्त अहोरात्र अन्नाभोवतीच फिरत असते. भाकरी सोडूनही मनुष्य खादाड राहू शकतो!

संत अगुस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात कबुली दिली आहे की, अन्न औषधाप्रमाणे घ्यावे हे परमेश्वराने आपणांस शिकविले, परंतु भुकेकडून तृप्तीकडे जाताना वाटेत वासनेचा सापळा असतो, आणि आरोग्याचे निमित्त पुढे करून ती आपला हेतू साधते. आज निमित्त तेच, वासना मात्र बदलली आहे. आरोग्याच्या नावाखाली कधी जिभेचे, तर कधी आरशाचे लाड चालतात. मधुमेहासाठी भाकरी कमी करणे हे देवाने दिलेल्या देहाचे राखण आहे, आणि ते कर्तव्यच आहे. लग्नाच्या छायाचित्रात बारीक दिसावे म्हणून भाकरी टाकणे हे पाप असेलच असे नाही, पण त्यास व्रत म्हणू नये.

कारण व्रत आणि पथ्य यांत भेद आहे. ख्रिस्तसभा आपणांस उपवास सांगते तो राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी. एक पूर्ण जेवण व दोन हलके आहार, १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंत. नियम अगदी सौम्य आहे. परंतु पथ्य करणारा 'माझे किती उतरले?' असे विचारतो, तर उपवास करणाऱ्याने 'दुसऱ्याला किती पोहोचले?' असे विचारावयाचे असते. भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे हाच परमेश्वराला प्रिय असा उपवास होय, असे यशया संदेष्ट्याने बजावले. उपवास करणाऱ्याने जे सोडले ते गरिबाचे अन्न व्हावे, अशी शिकवण पाचव्या शतकात पोप संत लिओ देत असत.

येथेच या नव्या पथ्याचा एक अवघड पैलू समोर येतो. भाकरी कमी करा व प्रथिने वाढवा, हा सल्ला ज्याच्या घरी डाळ, अंडी, दूध आहे त्याच्यासाठी ठीक. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ही मोठी सोय आहे, तिची थट्टा कोणी करू नये. तरीही त्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळ असतो, म्हणजे कर्बोदकेच. ऊसतोड करणाऱ्या मजुराची बायको पहाटे भाकऱ्या थापते, त्या चटणीबरोबर दिवसभर पुरवते. तिला 'कर्बोदके कमी कर' असे कोण सांगणार? एकाच तालुक्यात एक जण भाकरी पुष्कळ म्हणून आजारी पडतो आणि दुसऱ्याच्या ताटात भाकरीखेरीज काही नसते. भाकरीचा दोष कोठेच नाही. उणीव आहे ती तिच्या जोडीच्या कालवणाची, आणि ते वाटून घेण्याची.

म्हणून भाकरीला शत्रू म्हणू नये, असे आम्हांस कळकळीने वाटते. प्रभू येशू बेथलेहेमात जन्मला. त्या नावाचा अर्थच 'भाकरीचे घर' असा आहे. त्याने आपल्या देहाचे चिन्ह म्हणून पक्वान्न निवडले नाही, भाकर निवडली. अरण्यातील लोकसमुदायाला त्याने जवाच्या भाकरींनी तृप्त केले आणि उरलेले तुकडे वाया जाऊ न देता गोळा करविले. त्याने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती 'माझी' म्हणून नव्हे, 'आमची' म्हणून, आणि आजच्या पुरतीच. त्या एका शब्दात 'पुरे' म्हणण्याची शिकवण आहे, आणि शेजाऱ्याचे ताटही आहे.

लोणीच्या माउलीला आज आम्ही असे सांगू: मावशी, तुमच्या मुलाने तुमचा हात नाकारला नाही, आजार नाकारला आहे. ज्या भाकरीने त्याला वाढविले तिच्यासाठी तुम्ही खडी फोडलीत. आता तो जगावा म्हणून ती थोडी कमी वाढणे, हेही आईचेच काम आहे. आणि मुलाला सांगू: भाकरी 'सोडली' म्हणू नकोस. ताटाला नमस्कार कर आणि 'आई, आज चतकोर पुरे' असे म्हण. जुन्या माणसाला नकार खुपतो, 'पुरे' हा शब्द खुपत नाही.

वाचकहो, एक विनंती. येत्या प्रायश्चित्तकाळात आपल्यापैकी जे प्रकृतीसाठी भात-भाकरी कमी करतील, त्यांनी घरात एक डबा ठेवावा. वाचलेल्या धान्याचे पैसे त्यात टाकावेत आणि महिनाअखेर त्यातून दोन-तीन किलो डाळ घेऊन, ज्या घरी केवळ रेशनचे धान्य शिजते तेथे नेऊन द्यावी. गाजावाजा न करता, शेजारधर्म म्हणून. आपले वजन किती उतरले ते काटा सांगेल. आपला उपवास झाला की नाही, हे त्या शेजारच्या घरी शिजणारी डाळ सांगेल.

त्या दुपारी लोणीला शेवटी काय झाले, तेही सांगावयास हवे. मुलाने बराच वेळ मान खाली घातली होती. मग त्याने स्वतःच दुरडीतून चतकोर भाकरी उचलून ताटात घेतली. माउली काही बोलली नाही. तिने फक्त मटकीची आणखी एक पळी त्याच्या ताटात वाढली.