या वयात कशाला?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १३. बालपण, तारुण्य, म्हातारपण या देहाच्या अवस्था. आत राहणारा मात्र तोच, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

शाळेपासून पाठ असलेला हा श्लोक मला कळला तो गोंदियाहून नागपूरला जाताना, महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये. सोबत आत्या होती. वय ७२. स्तनात गाठ निघाली होती, लहान असतानाच सापडली होती. घरात आम्ही ठरवून टाकलेलं, अख्खा स्तनच काढायचा, या वयात ठेवून काय करायचंय? मीही तेच बोलले. आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हातारी झाली मी बाई, पण आंग तं माझंच हाय ना?"

आमच्या गल्लीतल्या ताईलाही हाच आजार. ती ३४ वर्षांची. केमोनंतर मूल होईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. घरचे म्हणाले, जीव वाचतोय ना, मग बाकीचं कशाला? एकीला वय जास्त म्हणून गप्प केलं, दुसरीला कमी म्हणून.

वयाला काहीच अर्थ नाही, असं नाही हं. डॉक्टरांनी ते बघायलाच हवं. सत्तरीपुढच्या बायकांवरचा एक अमेरिकन अभ्यास २०१३ मध्ये पुढे आला. गाठ लहान आणि हार्मोनला प्रतिसाद देणारी, गाठीपुरतं ऑपरेशन, वर गोळ्या; मग रेडिएशन घेतलं काय, न घेतलं काय, आयुष्यात फारसा फरक पडला नाही. पण १० वर्षांत त्याच बाजूला आजार परतण्याचं प्रमाण २ टक्क्यांऐवजी १० टक्के झालं. तरुणपणी प्रश्न वेगळे. केमोने बीजकोशांना इजा होऊ शकते, म्हणून बीजं गोठवून ठेवायची का, हे केमोच्या आधीच विचारावं लागतं.

आता सांगा, कुणाला काही आठवड्यांचा नागपूरचा मुक्काम जड जाईल आणि कुणाला आजार परतण्याची भीती? हे वयाच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं. ते आतल्यालाच ठाऊक.

आपण भक्त मंडळी इथे एक चूक करतो. देह म्हणजे जुनं वस्त्र, त्याचा शोक कसला, असं आजारी माणसाला ऐकवतो. पण भगवंतांनी आधी अर्जुनाचं सगळं रडणं ऐकून घेतलं. आणि १८ व्या अध्यायात, ६३ व्या श्लोकात, सगळं ज्ञान देऊन झाल्यावर म्हणाले काय? यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. प्रत्यक्ष देवाने निर्णय त्याच्या हातात ठेवला. मग आपण कोण?

आत्याने स्तन वाचवणारं ऑपरेशन निवडलं. रेडिएशन ती टाळेल, असं मला वाटलं होतं. तिने तेही घेतलं. "मले भेव घेऊन नाही जगायचं," म्हणाली. ताईनेही डॉक्टरांना तो प्रश्न विचारला. पुढे काय ठरलं, ते तिचं.

आजचा संकल्प : घरात कुणी आजारी असेल, तर सल्ला देण्याआधी एकदा विचारू या, "तुला काय हवंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसू या.

राम कृष्ण हरी!