कोठाराची किल्ली

संतसज्जनहो, अधिकार ही परक्याची ठेव आहे. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली, त्याने भुकेल्याला जाब द्यायचा असतो. एवढीच एक गोष्ट आज सांगावयाची आहे.

प्रवरेकाठी नेवाशास माउलींनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत सांगितला. तो नेवासे ज्या नगर जिल्ह्यात आहे, तेथलीच ही हकीगत. ६ नोव्हेंबर २०२१, शनिवार, भाऊबीज. घरोघर बहिणी ओवाळणीचे ताट मांडीत होत्या आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागास आग लागली. नळ्यांनी जखडलेली माणसे, उठून पळतील कशी? त्या दिवशी ११ जीव गेले.

अहो, आग काही सांगून येत नाही, हे खरे. पण येथे सांगावा आधीच आला होता. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळे आगीत दगावली होती. तेव्हा रुग्णालये तपासण्याचे हुकूम सुटले. नगरच्या रुग्णालयाचीही तपासणी झाली, पण आग विझवण्याच्या यंत्रणेचे काम पुरे झाले नव्हते, असे अग्निशमन अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. कागद हलला, पण पाणी काही आले नाही!

पुढे काय झाले? मंत्री आले, पुढारी आले, मदत जाहीर झाली, विभागीय आयुक्तांची चौकशी समिती नेमली गेली. काहींचे निलंबन झाले. एक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांना अटक झाली. कोणाचा किती दोष, ते न्यायालय पाहील. आपण एवढेच विचारावे, की परिचारिकेच्या हाती सलाईन होते. निधीची किल्ली कोणाच्या हाती होती?

कोणी म्हणेल, "महाराज, मरण का कोणाला चुकले? प्रारब्धच तसे." बाबांनो, प्रारब्ध हा शब्द दुःखिताने स्वतःच्या समाधानासाठी घ्यावा. अधिकाऱ्याने तो आपली चूक झाकावयास घेतला, तर ती देवाच्या माथी मारलेली चोरी होय. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांना काय म्हणता आले नसते? दुष्काळ ईश्वराने धाडला, कोठार बादशहाचे, हुकूम नाही, मी काय करू? त्यांनी असे म्हटले नाही. कोठार उघडले आणि शिक्षा आपल्या अंगावर घेतली. म्हणून विठूचे रूप घेऊन त्यांचे देणे फेडावयास देव धावला, अशी कथा आहे. अंग काढून घेणाऱ्यासाठी तो धावल्याचे कोठे ऐकले आहे काय?

तुकोबांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. थोरपणाची खूण हीच, की संकट आले म्हणजे तो आधी स्वतःचे सोडतो.

आज या जिल्ह्यास अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. त्या याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांचे घाट आणि बारवा आजही लोकांच्या उपयोगी पडतात. ते नाव पाटीवर लावले, आता कारभारातही दिसले पाहिजे.

आणि मंडळी, आपणही हात झटकून मोकळे होऊ नये. सप्ताहाच्या मंडपात पुढाऱ्याला आपण नारळ देतो, शाल घालतो. त्याच वेळी हात जोडून विचारावे : दादा, आपल्या दवाखान्यातली आग विझवण्याची सोय झाली का? झाली असेल तर चला, दाखवा. हा प्रश्न राजकारणाचा नाही. भूतमात्री भगवंत पाहणाऱ्याने खाटेवरच्या रुग्णातही तोच पाहावयाचा ना? मग त्याच्या दाराशी पहारा नको?

गेलेल्या जिवांना पांडुरंग आपल्या चरणी ठाव देवो, त्यांच्या घरच्यांना बळ देवो, आणि किल्ली ज्यांच्या हाती आहे त्यांना भय देवो, लोकांचे नाही तरी देवाचे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!